रीसेटनंतर उरलेले : राखीव प्रत नसलेल्या फाइलींविषयी एक संवाद

रीसेटनंतर संगणकावरची फाइल दिसेनाशी होते, तेव्हा ती नेमकी कोणत्या अवस्थेत आहे हे पडद्यावरून कळत नाही. ती केवळ दुसऱ्या फोल्डरात हलवलेली असेल, तिची नोंद खोडली जाऊन मजकूर जागच्या जागी असेल, त्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला गेला असेल, किंवा मजकूर शाबूत असूनही तो उलगडण्याची किल्ली नष्ट झाली असेल. चारही अवस्थांत पडदा सारखाच रिकामा दिसतो, मात्र पुढे काय करता येईल हे प्रत्येक अवस्थेत अगदी वेगळे असते. रीसेट म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच विंडोज किंवा अँड्रॉइडसारखा मूळ प्रोग्राम, पहिल्या दिवशी होती त्या स्थितीत नेऊन ठेवण्याची क्रिया. विंडोजमध्ये ही सोय २०१२ साली आठव्या आवृत्तीबरोबर आली. बॅकअप म्हणजे मूळ साठ्यापासून वेगळ्या ठिकाणी जपलेली राखीव प्रत. ती नसताना रीसेट झाला तर काय करावे, या प्रश्नाला दोन व्यवसाय दोन निरनिराळी उत्तरे देतात. डेटा परत मिळवण्याच्या व्यवसायाला डिस्कवर उरलेला प्रत्येक बाइट मोलाचा वाटतो, तर अभिलेख सांभाळणाऱ्याला त्या बाइटचा उगम, काळ आणि क्रम कळल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही.

पुढील संवादात या भूमिका ‘तंत्रज्ञ’ आणि ‘अभिलेखपाल’ या नावांनी येतात. चर्चेला आधार म्हणून दोघांनी एक कल्पित पण नित्याचे उदाहरण मान्य केले आहे : एका लहान मराठी प्रकाशनसंस्थेचा संगणक, त्यावर अनेक वर्षांच्या दिवाळी अंकांच्या, पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये लावलेल्या फाइली, वर्डमधील लेख, लेखकांची छायाचित्रे आणि पत्रव्यवहार, संगणक संथ झाला म्हणून कोणीतरी ‘सर्व काही काढून टाका’ हा पर्याय निवडून रीसेट केला, आणि बॅकअप कोठेही नाही.

अभिलेखपाल : अशा वेळी सगळ्यांचे लक्ष डिस्ककडे जाते. त्याआधी हरवले काय याची यादी व्हावी, कारण त्या संगणकावर जे होते त्यापैकी बरेचसे छापून प्रसिद्ध झाले आहे, काही लेखकांच्या घरी हस्तलिखितात आहे, आणि उरलेल्यातले पुष्कळसे कोणालाही पुन्हा लागणार नव्हते. यादी केल्याविना शोध सुरू केला, तर काय सापडले नाही हेसुद्धा नंतर सांगता येत नाही.

तंत्रज्ञ : यादी अवश्य करावी, पण ती कागदावर करावी आणि त्याआधी तो संगणक बंद करावा. विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडते तिला एनटीएफएस म्हणतात. तीत मास्टर फाइल टेबल नावाचा एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक फाइलची साधारणतः १,०२४ बाइटांची नोंद असते, आणि त्या नोंदीत फाइलचे नाव, तारखा व तिचा मजकूर डिस्कवर कोणकोणत्या तुकड्यांत आहे त्यांचे पत्ते लिहिलेले असतात. फाइल काढून टाकली की नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि ते तुकडे नव्या लेखनासाठी मोकळे ठरतात. मजकुराला त्या क्षणी कोणी हात लावत नाही. त्याहून जुन्या फॅट या पद्धतीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा अंक लिहून फाइल काढल्याचे दर्शवतात आणि तिच्या तुकड्यांची साखळी मोडतात, मजकूर मात्र तेथेही राहतो. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ सालच्या उपयुक्त प्रोग्रामांतील ‘अनइरेज’ याच गोष्टीवर उभा होता, आणि १९९१ सालच्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही आज्ञाच समाविष्ट होती. म्हणून काढलेली फाइल नष्ट होण्याचे खरे कारण तिच्यानंतर झालेले लेखन हे असते, आणि चालू संगणक काहीही न करता बसला असला तरी सतत काही ना काही लिहीत असतो.

अभिलेखपाल : परंतु रीसेटमध्ये तर एक संपूर्ण कार्यप्रणाली नव्याने लिहिली जाते. मग बंद करून वाचवण्यासारखे उरते काय?

तंत्रज्ञ : विंडोज पुन्हा बसते तेव्हा काही गीगाबाइट लिहिले जातात; २०२० सालापासून उपलब्ध असलेल्या ‘क्लाउड डाउनलोड’ या पर्यायात तर चार गीगाबाइट किंवा त्याहून अधिक मजकूर आधी उतरवून घेतला जातो. तरीही पाचशे गीगाबाइटच्या डिस्कच्या मानाने हे लेखन थोडेच आहे, आणि ते कोठे पडले यावर सगळे अवलंबून असते. येथे एक दुःखद तपशील आहे. नव्या कार्यप्रणालीच्या हजारो लहान फाइलींना तक्त्यात नोंदी लागतात, आणि त्या नोंदी रिकाम्या ठरलेल्या जुन्या नोंदींच्या जागी लिहिल्या जातात. त्यामुळे नावे आधी जातात आणि मजकूर मागे राहतो. ज्या अगदी छोट्या फाइलींचा मजकूर, काहीशे बाइटांचा, थेट नोंदीतच ठेवलेला असतो, त्या नावासकट नाहीशा होतात.

या ठिकाणी अभिलेखपालांनी एक अट घातली, आणि ती रास्त आहे : काहीही शोधण्यापूर्वी फाइली खरोखर गेल्या आहेत का हे पाहिले पाहिजे. ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला गेला असेल तर प्रोग्राम आणि मांडणी तेवढी जाते, वापरणाऱ्याच्या फोल्डरांतील कागदपत्रे राहतात, पण ओळखीचा पडदा बदललेला पाहून माणसे घाबरतात. नवी आवृत्ती चढवताना जुन्या आवृत्तीचा गाशा ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात गुंडाळून ठेवला जातो आणि विंडोज १० व ११मध्ये तो सामान्यतः १० दिवसांनी आपोआप काढला जातो. त्या मुदतीत तो उघडून पाहणे हे कोणत्याही शोध-प्रोग्रामपेक्षा फलदायी आहे. तंत्रज्ञांनी ही अट मान्य केली, मात्र हा तपास डिस्क दुसऱ्या संगणकाला केवळ वाचण्यापुरती जोडून व्हावा असे सुचवले. त्यानंतर खरा अडथळा पुढे आला.

अभिलेखपाल : आतापर्यंतचे विवेचन फिरत्या चुंबकीय तबकडीच्या हार्ड डिस्कला लागू पडते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांत तबकडी नाही.

तंत्रज्ञ : तेथे चित्र पालटते, आणि हे मान्य करताना व्यवसायाची भीड ठेवता कामा नये. एसएसडी या साठ्यात मजकूर फ्लॅश चिपमध्ये विद्युत्भाराच्या रूपाने राहतो. चिपवर लेखन ‘पान’ या लहान एककात होते, पण पुसणे मात्र शेकडो पानांच्या ‘ब्लॉक’ या मोठ्या एककातच होऊ शकते, आणि आधी पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे कोणती पाने निरुपयोगी झाली हे एसएसडीला वेळीच कळावे यासाठी ‘ट्रिम’ नावाची आज्ञा ठरवण्यात आली, आणि विंडोज ७पासून, म्हणजे २००९ सालापासून, फाइल काढताच किंवा झटपट फॉरमॅट करताच ही आज्ञा डिस्कला जाते. डिस्कमधील नियंत्रक मग सवडीने ती पाने पुसतो. पुष्कळ एसएसडी तर प्रत्यक्ष पुसण्याआधीच त्या पत्त्यावर विचारणा झाली की शून्येच परत देतात. प्रकाशनसंस्थेच्या त्या संगणकात एसएसडी असेल आणि रीसेट होऊन एक रात्र उलटली असेल, तर डिस्कमधून फाइली मिळण्याची आशा जवळपास सोडावी लागते.

अभिलेखपाल : आणि मोबाइल?

तंत्रज्ञ : मोबाइलमध्ये आशा त्याहून कमी. अँड्रॉइडच्या १०व्या आवृत्तीपासून नव्या फोनवर फाइलनिहाय कूटबद्धता अनिवार्य आहे, म्हणजे प्रत्येक फाइलचा मजकूर गुप्त किल्लीने बदलून लिहिला जातो. आयफोनमध्येही अशी यंत्रणा अनेक वर्षांपासून आहे. फॅक्टरी रीसेटच्या वेळी मजकूर पुसत बसण्याऐवजी किल्ली नष्ट केली जाते, आणि किल्लीविना उरलेले बाइट निरर्थक अंकांच्या ढिगापलीकडे काही राहत नाहीत. रीसेट केलेल्या फोनमधून छायाचित्रे परत आणून देण्याची जाहिरात करणारे प्रोग्राम लोकांच्या असहायतेवर पैसे कमावतात. विंडोजच्या नव्या लॅपटॉपांतही बिटलॉकर हे कूटबद्धतेचे साधन आता पुष्कळदा आरंभापासूनच चालू असते, आणि रीसेटने जुनी किल्ली टाकून दिली की पुढे तीच गत होते. आशा उरते ती जुन्या हार्ड डिस्कमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि कॅमेऱ्याच्या कार्डात, कारण या शेवटच्या दोहोंपर्यंत ट्रिमची आज्ञा सहसा पोहोचत नाही.

उदाहरणातील संगणक जुना असून त्यात हार्ड डिस्क आहे, असे मानून दोघांनी चर्चा पुढे नेली. तसे मानले नसते तर ती येथेच संपली असती, आणि वाचकाने हे नजरेआड करू नये. या टप्प्यावर तंत्रज्ञांनी जे सांगितले ते त्यांच्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे शिस्तवचन आहे. मूळ डिस्कवर शोध घ्यायचाच नाही. तिची क्षेत्रागणिक नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवायची, आणि पुढचे सारे काम त्या नकलेवर करायचे. क्षेत्र म्हणजे डिस्कवरील वाचन-लेखनाचे सर्वांत लहान एकक, परंपरेने ५१२ बाइटांचे. अशा नकलेसाठी जीएनयू डीडीरेस्क्यूसारखे मुक्त प्रोग्राम उपलब्ध आहेत; ते चांगली क्षेत्रे आधी उतरवून घेतात आणि खराब क्षेत्रांकडे मागाहून वळतात, म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य वाया जात नाही. सेकंदाला शंभर मेगाबाइट वेगाने पाचशे गीगाबाइटची नक्कल व्हायला दीड तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. एवढा वेळ थांबण्याची तयारी नसल्यामुळे आणि शोध-प्रोग्राम त्याच डिस्कवर उतरवून बसवल्यामुळे जेवढ्या फाइली कायमच्या गेल्या असतील, तेवढ्या रीसेटमुळेही गेल्या नसतील, असे मानायला जागा आहे.

अभिलेखपाल : लिहिलेल्या मजकुरावर पुन्हा लिहिले गेले तरी प्रयोगशाळेत खालचा मजकूर वाचता येतो, असे वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य आहे का?

तंत्रज्ञ : ही समजूत बव्हंशी पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधातून पसरली, त्यात ३५ वेळा पुनर्लेखनाचा एक क्रम सुचवला होता आणि तो त्या काळातील निरनिराळ्या डिस्कांच्या लेखनपद्धतींना उद्देशून होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००६ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत २००१ नंतरच्या, १५ गीगाबाइटहून मोठ्या हार्ड डिस्कांसाठी एकदाच पुनर्लेखन पुरेसे मानले आहे. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे : ज्यावर लिहिले गेले ते गेले.

अभिलेखपाल : मग उरलेल्या भागातून, नावे आणि पत्ते गेले असताना, फाइली ओळखायच्या कशा?

तंत्रज्ञ : त्यांच्या अंगच्या खुणांवरून. जेपेग छायाचित्राचा आरंभ २५५, २१६ या दोन बाइटांनी आणि शेवट २५५, २१७ या दोन बाइटांनी होतो; पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि त्या नावाची तीन रोमन अक्षरे असतात; वर्डची नवी फाइल ही मुळात झिप पद्धतीने आवळलेली असल्यामुळे तिच्या तोंडाशी ‘पीके’ ही अक्षरे, म्हणजे झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे, सापडतात. अशा खुणा शोधत डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचत जाणे आणि दोन खुणांमधला मजकूर कापून वेगळा काढणे, या पद्धतीला कार्व्हिंग म्हणतात. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा मुक्त प्रोग्राम याच पद्धतीने चालतो. तिची मर्यादा अशी की फाइल सलग लिहिलेली असली तर ती नीट हाती येते, पण तुकड्यांत विखुरलेली असली तर पहिला तुकडा मिळतो आणि पुढे दुसऱ्याच कोणत्या तरी फाइलीचे अंग चिकटते.

अभिलेखपाल : या खुणा छायाचित्राच्या आणि पीडीएफच्या झाल्या. मराठी मजकुराची खूण कोणती?

तंत्रज्ञ : आहे, आणि ती फार सुंदर आहे. १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीला स्वतंत्र जागा आहे. यूटीएफ-८ या लेखनरूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यांतला पहिला बाइट नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. ‘अ’ लिहिला की डिस्कवर २२४, १६४, १३३ असे उमटते. तेव्हा अनोळखी क्षेत्रांच्या रानात दर तिसऱ्या बाइटला २२४ दिसू लागला की तेथे देवनागरीत लिहिलेले काहीतरी आहे हे जवळजवळ निश्चित होते, मग फाइलीचे नाव, प्रकार, आरंभ, शेवट यांपैकी काहीही माहीत नसले तरी चालते. वर्डच्या जुन्या, आवळून न ठेवलेल्या फाइलींत युनिकोड मजकूर दोन-दोन बाइटांत असतो आणि देवनागरीत त्यातला एक बाइट ९ असतो. तीही ओळखू येण्याजोगी खूण आहे. वर्डच्या नव्या फाइलींत मजकूर झिपमध्ये आवळलेला असल्यामुळे असा थेट शोध लागत नाही, आधी ती फाइल सोडवावी लागते.

अभिलेखपाल : ही खूण उदाहरणातील फाइलींना मात्र उपयोगी पडणार नाही. दिवाळी अंकांचे डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, कित्येक वर्षे श्रीलिपीसारख्या किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींतील फाँट वापरून झाले. त्या फाँटांत मराठी अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असत. म्हणजे डिस्कच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांची आणि उच्चारचिन्हांची निरर्थक माळ आहे, आणि तोच फाँट हाताशी असल्याखेरीज मराठी डोळ्यालाही त्याचा अर्थ लागत नाही. शिवाय एका संस्थेचा फाँट दुसऱ्या संस्थेच्या फाँटाशी जुळत नसे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली. आता फाइल सबंध परत आली, तरी ती उघडण्यासाठी जुना प्रोग्राम, जुना फाँट आणि तो चालवू शकणारा जुना संगणक अशा तीन गोष्टी लागतील. बॅकअपचा अभाव हे संकटाचे एक अंग झाले. मराठी मजकुराच्या बाबतीत त्याहून मोठे अंग हे आहे की बॅकअप घेतला असता तरी तो वाचता आला असताच असे नाही.

हे निरीक्षण संवादातील सर्वांत जड आहे. मराठी मुद्रणव्यवहारातील दोन दशकांहून अधिक काळचा मजकूर अशा फाँटांमध्ये अडकून आहे, आणि त्याच्या रूपांतराचे काम जेथे झाले तेथे ते कोणा एका संपादकाच्या किंवा डीटीपी करणाऱ्याच्या चिकाटीने झाले. तंत्रज्ञांनी उत्तरादाखल सांगितले की अशा मजकुरातही वारंवारतेच्या खुणा असतात. एखाद्या फाँटात ‘आहे’, ‘आणि’, ‘होते’ हे शब्द कोणत्या बाइटांच्या माळेने लिहिले जातात हे त्याच संस्थेच्या एखाद्या वाचलेल्या फाइलीवरून काढता येते आणि ती माळ डिस्कभर शोधता येते. युक्ती खरी आहे आणि अशा संस्थांनी ती जाणून घेतली पाहिजे. तिच्यासाठी निदान एक फाइल कोठेतरी वाचलेली असावी लागते. एखाद्या लेखकाच्या ई-मेलला जोडलेला जुना मजकूरही त्याला पुरतो.

अभिलेखपाल : आता मूळ आक्षेप. कार्व्हिंगने समजा चार हजार फाइली मिळाल्या. त्यांना नाव नाही, फोल्डर नाही, बदल केल्याची तारीख नाही. एकाच लेखाचे पाच खर्डे असतील. त्यात लेखकाने पाठवलेला कोणता, संपादकाने हात फिरवलेला कोणता, दुसऱ्या प्रुफानंतरचा कोणता? जुन्या कागदांतही हीच अडचण येते : पेशवे दफ्तरातील पुष्कळशा पत्रांवर चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस, आणि महिना असतो, साल नसते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा सालाविना आलेल्या पत्रांचा काळ मजकुरातील मुक्काम, स्वारी आणि माणसे यांचा ताळा घालून अनुमानाने ठरवावा लागला. जबाबदार संपादक ते अनुमान आहे हे दाखवतो. संगणकावरून परत आलेल्या फाइलीला मात्र कोणीतरी घाईने ‘अंतिम’ असे नाव देतो, आणि पुढच्या वाचकाला ते अनुमान होते हे कधीच कळत नाही. अर्धवट सुधारलेला खर्डा लेखकाच्या नावावर पुन्हा छापला जाणे हे फाइल हरवण्यापेक्षा वाईट आहे.

तंत्रज्ञ : आक्षेप ग्राह्य आहे, पण फाइलींना आपण समजता तितके मुके मानू नये. छायाचित्राच्या आत एक्झिफ नावाची माहिती असते, तीत कॅमेऱ्याचा नमुना आणि घेतल्याची वेळ असते. वर्डच्या नव्या फाइलीच्या पोटात लेखकाचे नाव, निर्मितीची वेळ आणि शेवटचा बदल कोणी व केव्हा केला हे वेगळे लिहिलेले असते. डिस्कवरचा तक्ता नष्ट झाला तरी हे आतले जन्मटिपण फाइलीबरोबर परत येते.

अभिलेखपाल : कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असते, आणि वर्डमधील लेखकाचे नाव हे बहुधा संगणक विकत घेतला तेव्हा ज्याच्या नावाने वर्ड बसवले त्याचे असते. कार्यालयातल्या सगळ्या लेखांचा कर्ता एकच कारकून ठरतो.

तंत्रज्ञ : तरीही शून्यापेक्षा ते अधिक आहे. सरदेसाईंच्या हाती आलेल्या कागदांनीही सगळे सांगितले नव्हते. कागद होते म्हणून अनुमान करता आले. आधी कागद तर वाचवावा.

येथे दोघांपैकी तंत्रज्ञांचे पारडे जड वाटते. अनुमानाची शक्यता जिवंत ठेवणे हे अनुमान चुकण्याच्या भीतीपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण चुकलेले अनुमान पुढचा अभ्यासक दुरुस्त करू शकतो, नष्ट झालेल्या क्षेत्रांना कोणी दुरुस्त करू शकत नाही. मात्र अभिलेखपालांनी त्यानंतर मांडलेला मुद्दा व्यवहारात अधिक उपयोगी आहे, आणि त्याला आधार म्हणून त्यांनी एक घडलेला प्रसंग पुढे केला.

अभिलेखपाल : ऑक्टोबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती प्रसारित केली आणि काही दिवसांतच थांबवली, कारण काही जणांच्या कागदपत्रांच्या आणि छायाचित्रांच्या फाइली त्या अद्ययावतीकरणात पुसल्या गेल्या. ज्यांनी आपले ‘डॉक्युमेंट्स’ यांसारखे फोल्डर दुसऱ्या डिस्ककडे वळवले होते, पण जुन्या जागीही काही फाइली राहू दिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर रिकामे असल्याचे गृहीत धरून नव्या आवृत्तीने मजकुरासकट काढून टाकले. कंपनीने तक्रारींचे प्रमाण एक शतांश टक्का असल्याचे सांगितले, आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर रोजी पुन्हा काढली. ज्यांचे नुकसान झाले त्यांना कंपनीचा पहिला सल्ला होता की संगणकाचा वापर शक्य तितका कमी करावा आणि संपर्क साधावा. आपण सांगितले तेच. परंतु त्या लोकांपैकी ज्यांनी छायाचित्रे नातेवाइकांना पाठवली होती, कागदपत्रे ई-मेलला जोडली होती, त्यांना डिस्ककडे वळावे लागले नसते. प्रकाशनसंस्थेचेही तसेच आहे. अंकाची अंतिम पीडीएफ छापखान्यात गेली. ती तेथल्या संगणकावर असण्याचा संभव मोठा आहे. मजकूर लावणाऱ्याने घरी काम केले असेल तर त्याच्या पेन ड्राइव्हवर पाने असतील. प्रुफे ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखकांकडे गेली. मुखपृष्ठाचे चित्र चित्रकाराकडे आहे. छापील अंक ग्रंथालयांत आहेत. या प्रतींना नाव आहे, पाठवल्याची तारीख आहे आणि पाठवणारा आहे. कार्व्हिंगने आलेल्या चार हजार निनावी फाइलींच्या तुलनेत अशा चाळीस प्रती अभिलेखाच्या दृष्टीने अधिक भरवशाच्या आहेत. पुनर्प्राप्तीचा खर्च करण्यापूर्वी सर्वांना एक पत्र पाठवावे.

तंत्रज्ञ : पत्र पाठवावे, पण नक्कल त्याच दिवशी व्हावी. छापखान्याची पीडीएफ अंकाचे पान देते. कापून टाकलेला परिच्छेद, न छापलेला लेख, संपादकाचे लेखकाला लिहिलेले अर्धे पत्र देत नाही. जे बाहेर कधीच गेले नाही ते फक्त त्या डिस्कवर होते.

अभिलेखपाल : जे बाहेर गेले नाही ते बाहेर जाऊ नये असेच कोणाच्या तरी मनात असेल. सिमसन गार्फिंकल आणि अभी शेलाट यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्क तपासल्या होत्या. चालू स्थितीतील १२९पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या, आणि उरलेल्यांपैकी अनेकींतून लोकांची पत्रे, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. प्रकाशनसंस्थेच्या संगणकावर कर्मचाऱ्यांची बँकेची कागदपत्रे असतील, लेखकांनी विश्वासाने लिहिलेली घरगुती दुःखे असतील. कार्व्हिंगला दिवाळी अंक आणि आजारपणाचा अहवाल यांतला भेद कळत नाही.

तंत्रज्ञ : म्हणूनच काम संपल्यावर ती नक्कल पुसली गेली पाहिजे. मागितलेल्या फाइली हाती द्याव्यात, बाकीच्या उघडूही नयेत, आणि ठरलेल्या मुदतीनंतर संपूर्ण नकलेवर एकदा पुनर्लेखन करावे. एकदा पुरते हे वर आलेच आहे.

येथे भूमिकांची अनपेक्षित अदलाबदल झाली. जे आतापर्यंत प्रत्येक बाइटसाठी झगडत होते ते पुसण्याच्या बाजूला गेले, आणि जे सोडून देण्यास तयार होते ते नक्कल जपण्याचा आग्रह धरू लागले.

अभिलेखपाल : नक्कल पुसली तर फाइलींच्या उगमाचा एकमेव पुरावा जातो. फोटोरेक सापडलेल्या फाइलीला जे नाव देतो त्यातला अंक ती ज्या क्षेत्रापाशी सापडली त्याचा क्रमांक असतो. तंत्रज्ञ मंडळी तो निरुपयोगी समजून फाइलीला वाचनीय नाव देतात. वास्तविक रीसेटमधून वाचलेल्या फाइलीबद्दल निश्चितपणे सांगता येण्याजोगी ती जवळजवळ एकमेव गोष्ट आहे. शेजारच्या क्रमांकाच्या फाइली पुष्कळदा शेजारच्या काळात लिहिलेल्या असतात, त्यावरून खर्ड्यांचा क्रम लावण्यास मदत होते. तो क्रमांक दाखल नोंदवहीत फाइलीसमोर कायमचा राहावा, त्याच्या शेजारी फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला, एक बाइट बदलताच बदलणारा अंक, लिहावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्रात असाच हॅश मागितला जातो. साहित्याच्या अभिलेखाने त्याहून ढिलाई का करावी?

तंत्रज्ञ : क्रमांक आणि हॅश नोंदवहीत ठेवण्यास कोणतीही हरकत नाही, उलट यापुढे नाव बदलताना जुना क्रमांक मागे जोडलेला राहील. नकलेचे तसे नाही. क्षेत्र-क्रमांकाचा ताळा पुन्हा घेण्यासाठी नक्कल लागेल हे खरे, पण तीत ज्यांची कागदपत्रे अजाणता आली त्या माणसांना कोणी विचारलेले नाही.

अभिलेखपाल : मग नक्कल कूटबद्ध करून मोहोरबंद ठेवावी, किल्ली संस्थेच्या विश्वस्तांकडे असावी आणि श्रीलिपीतला मजकूर वाचण्याची साधने सुधारली की संबंधितांच्या संमतीने ती पुन्हा उघडावी. आज जे बाइट निरर्थक दिसतात त्यात कदाचित एखाद्या कवीचा न छापलेला संग्रह असेल.

तंत्रज्ञ : किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या घटस्फोटाची कागदपत्रे. ती किल्ली किती वर्षे, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अटीवर राहील हे लिहून ठरल्याशिवाय नक्कल जपून ठेवण्याला संमती देता येणार नाही.

विश्वस्तांनी आधी त्या संगणकावर काम केलेल्या प्रत्येकाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत नक्कल पुसूही नये, उघडूही नये, एवढ्यावर दोघे थांबले. जे आता हयात नाहीत त्यांच्या वतीने कोणी उत्तर द्यावे, यावर त्यांचे एकमत झाले नाही.